खासगी कलासंग्रह आणि सार्वजनिक दालन : औंध ते मुंबई

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासाचे लेखन करताना चित्रकारांची चरित्रे, कलाशाळांची परंपरा आणि कलाप्रवाहांची चर्चा आवर्जून केली जाते. चित्रे काढली गेल्यानंतर ती कोणाच्या घरात गेली, तेथून सामान्य प्रेक्षकापर्यंत कशी आली किंवा आलीच नाहीत, या प्रश्नाकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. वस्तुतः विसाव्या शतकातील भारतीय कलेचा फार मोठा भाग प्रथम खासगी संग्राहकांनी विकत घेतला. शासनाची खरेदी उशिरा सुरू झाली व ती नेहमीच तोकडी राहिली. त्यामुळे आधुनिक कला समाजापुढे येण्याचा मार्ग बव्हंशी कोणा एका व्यक्तीच्या दिवाणखान्यातून जातो. या मार्गाचा ऐतिहासिक मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

येथे एक भेद आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. प्राचीन मूर्ती, नाणी, शस्त्रे वा लघुचित्रे संग्रहालयास देणे वेगळे आणि आपल्याच काळातील, हयात असलेल्या कलावंताची कृती देणे वेगळे. पहिल्या प्रकारात वस्तूचे मोल काळाने ठरविलेले असते. दुसऱ्या प्रकारात संग्राहक स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवतो आणि संग्रहालयालाही तो ठेवायला सांगतो. सर रतन टाटा यांचे १९१८ मध्ये निधन झाले व त्यांचा संग्रह त्यांच्या इच्छेनुसार मुंबईच्या तत्कालीन प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयास मिळाला. पुढे १९३३ मध्ये सर दोराबजी टाटा यांचा संग्रहही तेथे आला. या देणग्यांमुळे ते संग्रहालय समृद्ध झाले, यात शंका नाही. परंतु त्यांतील युरोपीय तैलचित्रे आणि चिनी-जपानी कलावस्तू यांच्या मूल्याविषयी वाद नव्हता. समकालीन कलेचा प्रश्न महाराष्ट्रात ठळकपणे प्रथम उभा राहिला तो मुंबईत नव्हे, सातारा जिल्ह्यातील एका लहानशा संस्थानात.

औंधचे श्रीभवानी संग्रहालय

औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे मराठी वाचकास सूर्यनमस्काराचे प्रचारक, कीर्तनकार आणि प्रजेला स्वराज्य देणारे राजे म्हणून परिचित आहेत. ते स्वतः चित्रकारही होते. त्यांचे चित्ररामायण १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारत प्रकल्पाला त्यांनी आश्रय दिला. वेरूळ आणि अजिंठा येथील लेण्यांवर त्यांनी स्वतः पुस्तके सिद्ध केली. १९३८ मध्ये त्यांनी यमाईच्या मूळपीठाच्या डोंगरावर, गावापासून थोड्या उंचीवर, श्रीभवानी वस्तुसंग्रहालय उभारले.

या संग्रहालयाची रचना समजून घेण्याजोगी आहे. राजा रविवर्मा यांची मूळ चित्रे येथे आहेत, पाश्चात्त्य अभिजात चित्रांच्या प्रतिकृती आहेत, लघुचित्रे व हस्तिदंती काम आहे. त्याचबरोबर संग्राहकाच्या काळात काम करीत असलेल्या अनेक चित्रकारांच्या कृतीही येथे आल्या. वेदाभ्यासक म्हणून कीर्ती पावलेले पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर मुळात मुंबईच्या कलाशाळेत शिकलेले चित्रकार होते. बाळासाहेबांच्या आश्रयाने ते औंधास स्थिरावले व तेथूनच त्यांचे स्वाध्याय मंडळाचे कार्य चालले. इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचे माता-बालक शिल्पही याच डोंगरावरील संग्रहालयात आहे. विसाव्या शतकातील युरोपीय शिल्पकलेच्या एका अग्रणीची कृती माणदेशाच्या सीमेवरील खेड्यात असावी, ही गोष्ट आजही अनेक कलाशिक्षकांना ठाऊक नसते.

बाळासाहेबांच्या संग्रहाची सर्वच निवड आजच्या निकषांवर टिकणारी नाही. प्रतिकृतींवर त्यांनी केलेला खर्च अनेकांना अनाठायी वाटेल. परंतु त्या प्रतिकृतींमागे एक विचार दिसतो. युरोपला जाऊ न शकणाऱ्या माणसाने निदान त्या चित्राचा आकार, रंग व मांडणी डोळ्यांखालून घालावी, ही त्यामागील भूमिका असावी. संग्राहकाच्या हौसेपेक्षा शिक्षकाची वृत्ती तीत अधिक जाणवते.

कालक्रमही लक्षणीय आहे. १९३८ च्या अखेरीस बाळासाहेबांनी प्रजेस जबाबदार राज्यपद्धती देण्याचा मनोदय जाहीर केला आणि १९३९ मध्ये महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाने तयार झालेली औंधची घटना अमलात आली. त्या कामी राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांचा मोठा वाटा होता. राज्यसत्ता आणि चित्रसंग्रह या दोन्ही गोष्टी एका वर्षाच्या आत राजवाड्याबाहेर आल्या. यांत कार्यकारणसंबंध सिद्ध करता येईल असे नाही, तथापि दोहोंच्या मुळाशी एकच मनोवृत्ती आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

दि. ८ मार्च १९४८ रोजी दख्खनच्या संस्थानांचे मुंबई प्रांतात विलीनीकरण झाले. औंधचे संस्थान संपले आणि संग्रहालय कालांतराने शासनाच्या अखत्यारीत आले. येथे इतिहासाने एक अनपेक्षित प्रयोग घडवून आणला. मालकी पूर्णतः सार्वजनिक झाली. मात्र ज्याच्या दृष्टीने संग्रह वाढत होता, ती दृष्टी त्यातून निघून गेली. बाळासाहेबांच्या हयातीत जो संग्रह समकालीन होता, तो तेथेच थांबल्यामुळे हळूहळू ऐतिहासिक झाला. नव्या पिढीच्या चित्रकारांची कामे त्याच ओघाने त्यात येत राहिली नाहीत. संग्रह सुरक्षित राहिला, ही गोष्ट लहान नव्हे, कारण अनेक संस्थानिकांचे संग्रह त्याच दशकांत फुटले व बाजारात गेले. परंतु समकालीन कलेच्या संग्रहालयाला जतनाबरोबर वाढही लागते, आणि ती शासकीय दप्तरात कोणत्या शीर्षाखाली दाखवावी याचे उत्तर औंधला मिळाले नाही.

मुंबई : दालने झाली, संग्रह नव्हता

१९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे व बाकरे हे त्याचे संस्थापक होत. त्यांची चित्रे विकत घेणारे आरंभीचे ग्राहक बोटांवर मोजण्याइतके होते व त्यांत नाझी राजवटीमुळे मध्य युरोप सोडून मुंबईस आलेली काही मंडळी अग्रभागी होती. वॉल्टर लँगहॅमर, रूडी फॉन लायडन आणि इमॅन्युएल श्लेसिंगर ही नावे या संदर्भात नेहमी घेतली जातात. श्लेसिंगर यांच्या घरी तरुण चित्रकार जमत, युरोपीय कलेवरील पुस्तके पाहत, चर्चा करीत. म्हणजे एका निर्वासित उद्योजकाचे घर हेच त्या वेळी मुंबईतील आधुनिक कलेचे अनौपचारिक दालन होते. अर्थात त्या घराचे दार सर्वांसाठी उघडे नव्हते.

सार्वजनिक वास्तू त्यानंतर आल्या. सर कावसजी जहांगीर यांनी दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून १९५२ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरी सुरू झाली. दोनच वर्षांनी, मार्च १९५४ मध्ये, दिल्लीच्या जयपूर हाऊसमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचे उद्घाटन झाले व बडोदा संग्रहालयाचा अनुभव असलेले हर्मन गोएट्झ त्याचे पहिले प्रमुख झाले. जहांगीर गॅलरीने मराठी मध्यमवर्गाला चित्रप्रदर्शन पाहण्याची सवय लावली, हे तिचे ऐतिहासिक कार्य होय. पण ती प्रदर्शनाची जागा होती. आठवड्याभराने भिंती रिकाम्या होत व चित्रे ज्याने घेतली त्याच्या घरी जात. १९६२ साली पाहिलेले चित्र १९७२ साली पुन्हा पाहावयाचे तर कोठे जावे, याला मुंबईत उत्तर नव्हते.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी डॉ. होमी भाभा यांनी याच काळात आधुनिक चित्रांचा उत्तम संग्रह उभा केला. तो सार्वजनिक पैशातून झालेला संग्रह होता, मात्र संशोधन संस्थेच्या आवारात. वैज्ञानिकांना तो रोज दिसे, नागरिकांना क्वचितच. मालकी सार्वजनिक असली म्हणजे प्रेक्षक सार्वजनिक असतो असे नाही, याचे हे एक उदाहरण. दुसरे उदाहरण अगदी अलीकडे प्रकाशात आले. हुसेन यांचे ‘ग्रामयात्रा’ हे १९५४ मधील भव्य चित्र दिल्लीत एका परदेशी डॉक्टरने विकत घेतले होते. ते पुढे ऑस्लो येथील विद्यापीठ रुग्णालयास मिळाले व तेथे अनेक दशके राहिले. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्यास सुमारे १ कोटी ३८ लाख डॉलर किंमत आली, तेव्हा बहुतेक भारतीय कलारसिकांना ते अस्तित्वात असल्याचे प्रथमच कळले.

निकोल्सन संग्रह

या पार्श्वभूमीवर जहांगीर निकोल्सन (१९१५–२००१) यांचे कार्य पाहावे लागते. निकोल्सन हे मुंबईतील पारशी कापूस व्यापारी. चित्रकलेचे औपचारिक शिक्षण त्यांना नव्हते. १९६८ मध्ये, वयाची पन्नाशी उलटल्यानंतर, त्यांनी चित्रे विकत घेण्यास सुरुवात केली. पहिले चित्र शरद वायकूळ यांचे होते. पुढील तीन दशकांत सुमारे ८०० कलाकृती जमल्या. गायतोंडे, हुसेन, रझा, सूझा, आरा, अकबर पदमसी, तय्यब मेहता यांच्यापासून त्यानंतरच्या पिढीपर्यंतचे कलावंत त्यात आहेत. मुंबईत काम करणाऱ्या चित्रकारांवर त्यांचा विशेष लोभ होता. लक्ष्मण श्रेष्ठ यांच्यासारख्या चित्रकारांशी त्यांचा निकटचा स्नेह होता व त्यांच्या चित्रांना संग्रहात मोठे स्थान मिळाले.

निकोल्सन यांचे वेगळेपण संख्येत नाही. संग्रह सुरू करून दशकही पुरे झाले नव्हते, तेव्हाच, १९७६ मध्ये, नरिमन पॉइंट येथील राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राच्या आवारात त्यांच्या नावाचे आधुनिक कलादालन सुरू झाले. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाची मुंबई शाखा कावसजी जहांगीर सभागृहात १९९६ साली उघडली. केकू गांधी आदी मंडळींना त्यासाठी प्रदीर्घ पाठपुरावा करावा लागला होता. मधली वीस वर्षे लक्षात घेतली की निकोल्सन यांच्या दालनाचे महत्त्व ध्यानात येते. भारतीय आधुनिक कलेचे माहेरघर म्हणवणाऱ्या शहरात केंद्र शासनाचे आधुनिक कला संग्रहालय नव्हते, तेव्हा एका व्यापाऱ्याने स्वतःची चित्रे भिंतीवर लावून ती उणीव काही अंशी भरून काढली.

मात्र त्यांच्या मनातील स्वतंत्र संग्रहालय त्यांच्या हयातीत उभे राहिले नाही. २००१ मध्ये ते निवर्तले व संग्रहाची जबाबदारी त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानकडे आली. विश्वस्तांपुढे तीन मार्ग होते. संग्रह शासनास देऊन टाकणे, तो विकून त्या पैशातून धर्मादाय कार्य करणे, अथवा मालकी राखून एखाद्या प्रस्थापित संग्रहालयाशी करार करणे. त्यांनी तिसरा मार्ग पत्करला. २००८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाशी करार झाला आणि २०११ मध्ये त्या वास्तूच्या पूर्वेकडील भागात निकोल्सन दालन खुले झाले. ज्या संग्रहालयात तोवर गांधार शिल्पे व लघुचित्रे पाहावयास लोक येत, तेथे त्यांना गायतोंडे भेटू लागले.

या कराराचे स्वरूप दानाहून भिन्न आहे. चित्रांची मालकी प्रतिष्ठानची, वास्तू व प्रेक्षकवर्ग संग्रहालयाचा. संग्रहालयाला समकालीन कलेचा विभाग एक चित्रही विकत न घेता मिळाला. प्रतिष्ठानला शंभर वर्षांची प्रतिष्ठा आणि शाळकरी मुलांपासून परदेशी प्रवाशांपर्यंतचा प्रेक्षक मिळाला. शिवाय प्रतिष्ठानचे स्वतःचे अभ्यासक व संयोजक असल्याने प्रदर्शने बदलत राहिली. २०१६ मध्ये रणजित होस्कोटे यांच्या संयोजनाखाली लक्ष्मण श्रेष्ठ यांच्या चित्रांचे प्रदर्शन झाले, ते याच व्यवस्थेचे फलित. औंधला विलीनीकरणानंतर जी दृष्टी गमवावी लागली, ती येथे मालकी न सोडल्यामुळे टिकली, असे म्हणता येईल. हे विधान आमच्यासारख्या सार्वजनिक मालकीच्या पुरस्कर्त्यांना काहीसे अवघड जाणारे आहे, पण पुरावा त्या दिशेचा आहे.

अर्थात मुदतीच्या कराराला मुदत असते. जे चित्र ठेवीच्या रूपाने आले आहे ते परतही जाऊ शकते. बाजारभाव ज्या गतीने वाढले ते पाहता ही शंका निराधार नाही. तय्यब मेहता यांच्या ‘महिषासुर’ या चित्रास २००५ मध्ये दहा लाख डॉलरहून अधिक किंमत आली. २०१३ च्या डिसेंबरात मुंबईतच गायतोंडे यांच्या एका चित्रास सुमारे २३ कोटी ७० लाख रुपये मिळाले. निकोल्सन चित्रे घेत होते त्या काळी असे आकडे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. आज कोणतेही शासकीय संग्रहालय अशा दराने खरेदी करू शकत नाही आणि कोणाही वारसदाराला दानाचा निर्णय सोपा राहिलेला नाही.

देऊ केलेले आणि न घेतलेले

देणारा तयार असूनही घेणारा सिद्ध नसला की काय होते, हे हर्विट्झ दांपत्याच्या उदाहरणावरून कळते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सचे चेस्टर आणि डेव्हिडा हर्विट्झ यांनी १९६० च्या दशकापासून भारतीय आधुनिक चित्रांचा अफाट संग्रह केला. हुसेन यांच्याशी त्यांची मैत्री होती. संग्रह भारतात राहावा, त्यासाठी वास्तू व्हावी, अशी त्यांची इच्छा होती. ती सिद्धीस गेली नाही. संग्रहातील काही भाग १९९५ व १९९६ मध्ये न्यूयॉर्क येथे लिलावात गेला. उर्वरित हजाराहून अधिक कलाकृती सेलम येथील पीबडी एसेक्स संग्रहालयास मिळाल्या व २००३ मध्ये विस्तारित झालेल्या त्या वास्तूत त्यांच्या नावाचे दालन झाले. विसाव्या शतकातील भारतीय चित्रकलेचा एक महत्त्वाचा संग्रह पाहावयाचा तर आज बॉस्टनजवळच्या बंदराच्या गावी जावे लागते. या इतिहासाची खंत वाटते, ती मुख्यतः आपल्याकडील अनास्थेबद्दल.

याउलट पुण्याचे डॉ. दिनकर गंगाधर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, दरवाजे, वाद्ये अशा हजारो वस्तूंचा आपला संग्रह १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनास अर्पण केला व शासनाने तो स्वीकारला. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थांनी संग्रहालयाला दिवंगत पुत्राचे, राजाचे, नाव दिले. तो समकालीन कलेचा संग्रह नव्हे, म्हणून येथे त्याचा केवळ उल्लेख पुरे.

प्रेक्षक कोण?

आतापर्यंतच्या विवेचनात ‘सार्वजनिक’ हा शब्द सैलपणे वापरला गेला आहे. नामपूरहून पाहिले असता त्याचा अर्थ अधिक काटेकोरपणे विचारावा लागतो. मोसम नदीकाठच्या या गावापासून मुंबईचे निकोल्सन दालन अडीचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. कसमादे परिसरातील शाळांतून दरवर्षी मुले एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षांना बसतात. त्यांतील काही कलाशिक्षक होतात. हुसेन, रझा, गायतोंडे ही नावे त्यांना पाठ असतात. मूळ चित्र मात्र त्यांनी पाहिलेले नसते. पुस्तकातील चार इंचांच्या छापील चौकोनात गायतोंडे यांच्या रंगाचे थर दिसत नाहीत, आणि ते थर हेच तर ते चित्र असते. आपला विद्यार्थी अशा वेळी चित्राविषयीचे मत शिकतो, चित्र शिकत नाही.

संग्रह गावोगाव नेण्याचा प्रयोग अन्यत्र झालेला आहे. लंडनचे कलाव्यापारी अँथनी डोफे यांनी २००८ मध्ये आपल्याजवळील ७२५ समकालीन कलाकृती टेट आणि स्कॉटलंडची राष्ट्रीय दालने या दोन संस्थांना एकत्रितपणे दिल्या. त्यासाठी २ कोटी ६५ लाख पौंड मोजले गेले. बाजारभाव त्याच्या अनेक पटींनी, सुमारे साडेबारा कोटी पौंड, असल्याचा अंदाज होता. म्हणजे हा व्यवहार अर्धा विक्रीचा व अर्धा दानाचा होता. त्यातील कल्पना अशी की एकेका कलावंताचे पूर्ण दालन राजधानीत न अडकता छोट्या शहरांतील दालनांत फिरावे व तेथील तरुणांनी ते पाहावे. डोफे यांचे बालपण लेस्टर या औद्योगिक शहरात गेले होते आणि तेथील संग्रहालयात त्यांनी प्रथम आधुनिक चित्रे पाहिली होती.

आपल्याकडे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये फिरत्या संग्रहालयाची बस सुरू करून ग्रामीण शाळांपर्यंत पोहोचण्याचा उपक्रम हाती घेतला. तो स्वागतार्ह आहे. मूळ आधुनिक चित्राच्या बाबतीत अडचणी निराळ्या आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. कॅनव्हासला स्थिर तापमान व आर्द्रता लागते. उन्हाळ्यात चाळीस अंशांपलीकडे जाणारे आणि पावसाळ्यात भिंतींना ओल देणारे महाविद्यालयीन सभागृह त्यास योग्य नाही. विम्याचा हप्ता चित्राच्या बाजारभावावर ठरतो, आणि तो भाव कोटींत गेला की लहान संस्थेचे अंदाजपत्रक तेथेच संपते. रात्रीचा पहारा, विजेचा भरवसा, हाताळणाऱ्या माणसांचे प्रशिक्षण या गोष्टी पुढे आहेतच. ब्रिटनमधील योजनेत दिलेल्या संग्रहाबरोबर लहान दालनांच्या साहाय्याचीही तरतूद होती, म्हणून ती चालली.

तरीही सर्व समकालीन कला कोटींच्या भावाची नसते. कागदावरील रेखाटने, मुद्राचित्रे, छायाचित्रे यांचा विमा तुलनेने माफक असतो, ती काचेखाली सुरक्षित राहतात व त्यांना एक बंदिस्त, कोरडी, कुलूपबंद खोली पुरते. नाशिकच्या जलरंग परंपरेतील कामे जिल्ह्यातील अनेक घरांत आहेत. शिवाजी तुपे यांच्यासारख्या चित्रकारांनी गोदाकाठाची चित्रे रंगविली, ती विकत घेणारे डॉक्टर, वकील, व्यापारी याच जिल्ह्यातले होते. अशा संग्राहकांशी तीन महिन्यांच्या मुदतीचा लेखी करार, त्यात चित्राची स्थिती नोंदविणारा तक्ता, विम्याची जबाबदारी कोणाची याचे स्पष्ट कलम आणि परतीची तारीख, एवढ्या कागदपत्रांवर तालुक्याच्या पातळीवरील महाविद्यालय प्रदर्शन भरवू शकते. मुंबईत २००८ मध्ये झालेला करार तत्त्वतः याहून वेगळा नव्हता. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात उत्तरेकडील भिंत असली, तिच्यावर थेट ऊन येत नसले व पावसात ती कोरडी राहत असली, तर वीस चौकटी तेथे सहज मावतात.